मीटरवाल्याच्या बायकोची बिस्किटं

माझं माहेर सटाण्याकडचं. सटाण्याच्या अलीकडं एक वस्ती हाय, नाव सांगितलं तरी तुम्हाला नकाशात घावायची नाय ताई, चार घरं, एक विहीर आन् बाकी जिकडं बघाल तिकडं कांदा. शाळेच्या सुट्टीत मला मामाकडं धाडायचे. मामाची सटाण्यात भट्टी व्हती, पावाची, खारीची. उन्हाळ्यात बाया घरनं पीठ, साखर, डालडा घेऊन यायच्या नानकटाई भाजून घ्यायला, तवा तशीच रीत व्हती, माल तुमचा, डबा तुमचा, भट्टी मामाची. मी आपली भट्टीच्या तोंडाशी बसायची, आन् तुटकी नानकटाई कुणाची का असंना, ती माझी. भाजल्या पिठाचा तो वास नाकात बसला तो बसलाच बघा, अजून निघंना.

लग्न झालं आन् नाशिकला आले. बस द्वारका चौकात उतरवून गेली, मला लागलेली गाडी, शालू नेसून मी रस्त्याच्या कडंला वाकून उलट्या करतीय, आन् वर बघते तर नवरा गायब. काय सांगू तुम्हाला, नवीकोरी नवरी मी, म्हणलं सोडून गेला का काय. बघते तर माझ्या माहेरच्या पेटीवर चढून उभा, दोन्ही हातानं धोतराचा सोगा वर धरलेला, आन् खाली एक मरतुकडं कुत्रं पेटीचा वास घेतंय. पेटीत लाडू व्हते हो, त्याला माणसाशी काय काम. मी हाड म्हणलं, ते गेलं. मंग हे खाली उतरले आन् म्हणले, तुला लिंबू आणू का? संसाराची सुरुवात आमची अशी.

भित्रा म्हणू नका बरं ह्यांना. सापाला भ्यायचे नाय, खांबावर चढायला भ्यायचे नाय, सासऱ्यांना तर अख्खा गाव भ्यायचा, हे त्यांच्यासमोर बिडी ओढायचे. फक्त कुत्रं. ल्हानपणी चावलेलं पोटरीला, आन् तवा पोटात सुया टोचायचे, त्या सुयांची भीती कुत्र्याला जाऊन चिकटली ती कायमची. आता असल्या माणसाला देवानं नोकरी कोणती द्यावी? लायटीचे मीटर वाचायची! नाशिक रोडला आम्ही खोली घेतली तवा मळे मोडून कॉलन्या व्हत व्हत्या, नव्वदच्या पुढची गोष्ट ही, बंगल्यामागून बंगला, आन् बंगला झाला की कुत्रं आलंच, आन् मीटर कुठं, तर पार आत, पोर्चमधी, कुत्र्याच्या साखळीच्या बरोब्बर वर.

मंग हे काय करायचे, फाटकाच्या बाहेर सायकल लावायची, मान लांब करायची आन् अंदाजानं आकडा टाकून मोकळं व्हायचं. बरीच वर्षं चाललं. पण एका बंगल्यावाले पोराकडं परदेशात गेलेले, घराला कुलूप, सगळं बंद, राखणीला एक वॉचमन आन् त्याचं कुत्रं, आन् ह्यांनी तिथं नेहमीसारखी भरभक्कम युनिटं लिहिलेली. ते लोक आले आन् बिल घेऊन थेट साहेबापुढं. साहेबानं ह्यांना बोलवून घेतलं, म्हणे घराला एवढं मोठं कुलूप, दिसलं नाय का तुला? हे म्हणले, कुत्रं दिसलं साहेब, त्याच्या पुढचं काय दिसलं नाय. साहेब म्हणले, अजून एक तक्रार आली की तुला सुरगाण्याकडं टाकतो, फिर डोंगरात. हे म्हणले, तिकडं कुत्री असतात का साहेब? हे ह्यांनी खरंच इचारलं व्हतं ताई, चेष्टा नाय, पण साहेबाला वाटलं चेष्टा. केबिनच्या बाहेर काढलं.

घरी येऊन जेवले नाय. पोरीचं नाव नुकतंच चांगल्या शाळेत घातलेलं, सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर, आन् हे म्हणतात सामान बांध. मला काय सुचंना. शेजारच्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला की ते शेपूट हलवायचं, ते मी रोज बघायची. म्हणलं, तुम्हीबी टाका की काहीतरी. तर म्हणे, बंगल्यातली कुत्री दूध-पाव खातात, भाकरीकडं बघत नाय, माझ्याकडंच बघतात. तवा मला भट्टी आठवली. म्हणलं बिस्किट करू. कुत्र्याचं बिस्किट.

आमच्याकडं तो लायटीवरचा गोल ओव्हन व्हता, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचंचा डोळा असतो बघा, प्रदर्शनातनं हौसेनं घेतलेला आन् तसाच माळ्यावर पडलेला. तो खाली काढला. पहिल्या खेपेला मी काय केलं, गव्हाचं जाडं पीठ, अंडं आन् लय सारा कांदा बारीक चिरून. सटाण्याकडची, बागलाणची बाई मी, कांद्याबिगर माझा हातच चालत नाय. शेजारच्या कुत्र्यापुढं ठेवलं, त्यानं वास घेतला, फाडकन शिंकलं आन् पाठ फिरवून बसलं. बरं झालं खाल्लं नाय, कांदा कुत्र्याच्या पोटाला वाईट असतो हे मला मागनं जनावराच्या डॉक्टरनं सांगितलं. दुसऱ्या खेपेला कांदा काढला, बाजरीचं पीठ घातलं, शेंगदाण्याचा कूट घातला, ना मीठ ना साखर, लाटून चौकोनी वड्या कापल्या आन् मंद भाजत ठेवल्या, कडक होईस्तोवर. भाजून ताटात काढून ठेवल्या आन् पाणी भरायला गेले. येते तर ताट रिकामं. सासरे मिशी पुसत म्हणतात, सूनबाई, आज शंकरपाळे जरा अळणी झाले गं.

तिसऱ्या खेपेला सुकट घातली. भाजून, कुटून, मूठभर. ताई, त्या दिवशी आमच्या चाळीच्या पत्र्यावर झाडून सगळी मांजरं जमली, शेजारीण नाकाला पदर लावून आली, म्हणे मेलंय का काय तुमच्याकडं? आन् हे मीटरखाली उभे, कंबरेवर हात, मीटरची चकती बघत, म्हणे अगं कशी पळतीय बघ, आख्ख्या कॉलनीत अशी पळत नाय. घरचा मीटर ह्यांना फार निवांत वाचता यायचा.

पण जमलं. फाटकावरनं बिस्किट लांब टाकायचं, कुत्रं तिकडं पळायचं, हे इकडनं आत, आकडा टिपला की बाहेर. दोन-तीन महिने गेले तशी कुत्री ह्यांच्या सायकलची घंटी ओळखायला लागली. भुंकायची बंद झाली. पुढं पुढं तर मोकाट कुत्रीबी मागं लागली, पुढं हे सायकलवर आन् मागं वरात, आन् लोक गॅलरीत येऊन बघायचे. साहेबानंबी म्हणे इचारलं, आता आकडे बरोबर कसे यायला लागले रे? घरी येऊन हे मिशीला पीळ द्यायचे, म्हणायचे तो डॉबरमन ना, तो आपला भाऊ हाय. भाऊ! बिस्किट टाकताना शर्टाची बाही भिजायची घामानं, मीच धुवायची ना.

मंग ती होळी आली. म्हणजे होळीचा दुसरा दिवस, सुट्टीचा, पण ह्यांचे आकडे राहिलेले. कॉलनीत एक रिटायर बाई राहायच्या, शाळेत मुख्याध्यापिका व्हत्या, सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे, एकट्याच, आन् त्यांचा राजा, हा एवढा थोराड कुत्रा, वासराएवढा. सकाळी हे तिथनं मीटर वाचून गेले, आन् घटकाभरानं राजा पोर्चमधी आडवा, जीभ बाहेर, डोळे पांढरे, हाक मारली तरी कान हलंना. त्या दिवसांत कॉलनीत चोऱ्या व्हत व्हत्या, चोर आधी कुत्र्याला काहीतरी खायला घालतात असं सगळे बोलायचे. समोरच्या माणसानं ह्यांना काहीतरी टाकताना बघितलेलं. झालं! चौकात ह्यांना धरलं, सायकल धरली, गळ्यातली पिशवी धरली आन् नेलं चौकीवर.

मला निरोप आला तवा मी कणीक मळत व्हते. हात तसेच, कणकेचे. फडताळातला बिस्किटांचा डबा उचलला आन् निघाले, पायात चप्पल एक माझी आन् एक सासऱ्यांची, ते चौकीत गेल्यावर कळलं. हे बाकड्यावर बसलेले, तोंड एवढंसं, आन् भोवती कॉलनीतली माणसं. हवालदार म्हणला, बाई, डब्यात काय? म्हणलं बिस्किटं. कुणासाठी? म्हणलं कुत्र्यांसाठी. तो म्हणला, म्हणजे कबूल! आता मला राग आला की माझी भाषा माहेराला जाते, अहिराणीवर. म्हणलं, ओ दादा, मना नवरानी आखा जलममा मुंगीबी मारी नही, तो कुत्राले जहर देई का? तो कुत्रा मारणार तर नायच, कुत्र्याच्या जवळ तरी जाईल का? तर हवालदार निघाला मालेगावकडचा. त्याचा चेहराच बदलला, म्हणला, कोठली शे व माय तू? म्हणलं सटाणानी.

पण कॉलनीवाले ऐकंनात. म्हणलं, तुमच्या हातानं काढा कुठलंबी बिस्किट, मी खाते. त्यांनी काढलं, मी खाल्लं. म्हणे खालचं काढा. खालचं खाल्लं. म्हणे कोपऱ्यातलं. ते बी खाल्लं. एक तर कोरडं, त्यात सुकट, त्यात भीती, घास घशात अडकून बसला, डोळ्यातनं पाणी आलं, तर एकजण वरडला, बघा बघा, जहर चढायला लागलं! म्हणलं मुडद्या, पाणी आण. हवालदारानं आपला चहा पुढं केला. मी बुडवून खाल्लं, तसं बरं लागलं. ते बघून त्यानंबी एक बुडवलं. मंग दुसऱ्या शिपायानं. जरा वेळानं चौकीत चहाची नवी किटली आली आन् डबा टेबलावर मधोमध गेला.

तेवढ्यात रिक्षा थांबली आन् मॅडम उतरल्या, केस मोकळे, धापा टाकत. म्हणल्या, सोडा हो त्यांना, सोडा, राजाला उलटी झाली, आता उठून बसलाय. कशाची झाली म्हणता? पुरणाची! मॅडमनी भाचरं येणार म्हणून होळीला पातेलंभर पुरण वाटून ठेवलेलं, मागच्या दाराशी गार करायला. सकाळी पातेलं चाटूनपुसून लख्ख. मॅडमना वाटलं, भांडेवालीनं पुरण काढून पातेलं घासून ठेवलं. भांडेवालीला वाटलं, मॅडमनी. खाल्लेलं सगळं राजानं, वर झाकायचं फडकंबी. मॅडमनी ह्यांच्यापुढं हात जोडले. हे उठून उभे राहिले, म्हणले असू द्या मॅडम, त्याला सांभाळा, आन् आवाज असा कापत व्हता की मॅडम रडायलाच लागल्या. मंग डोळे पुसत मॅडमनी टेबलाकडं बघितलं, म्हणल्या, तुम्ही काय खाताय? हवालदार चहाच्या नादात कुत्र्यांचं विसरलेला, म्हणला, नानकटाई. मॅडम म्हणल्या, अहो, ही राजाची हायत! हवालदाराचा हात वाटेत थांबला. त्यानं बिस्किटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणला, चवीला बरी शेत, आन् टाकलं तोंडात.

तिथनं माझं नाव झालं. मॅडमनी कुत्री पाळणाऱ्या सगळ्यांना सांगितलं, जनावराच्या डॉक्टरला सांगितलं, त्यानं काय घालते, काय नाय, सगळं इचारून घेतलं आन् म्हणला, करा बिनधास्त. कुणाची बहीण परदेशातनं हाडाच्या आकाराचा साचा घेऊन आली. म्हणलं कुत्र्याला काय करायचाय आकार, ते बघतं का? पण माणसांना आवडायचा. दोन हजार सालाच्या पुढं तर गंगापूर रोडला एका कुत्रीच्या वाढदिवसाला बोलावणं आलं. बिस्किटांचा केक केला मी. पोरीपोरींनी फुगे लावलेले, आजीबाईंनी तबक आणलं आन् कुत्रीला ओवाळलं, खरं सांगते, तिनं कुंकू लावून घेतलं शहाण्यावानी, अक्षता घेतल्या, आन् मंग तबकातली तुपाची वात पेटती हाय का नाय न बघता खायला गेली. नाक चटकलं थोडं. केकला तोंड लावलं नाय त्या दिवशी, रुसून पलंगाखाली. सगळे पाहुणे पलंगाखाली वाकून हॅप्पी बर्थडे म्हणत व्हते.

आता हे रिटायर झाले. सासरे गेले, पोरगी तिच्या घरी सुखात हाय. दुकानात आता पाकिटं मिळतात कुत्र्याच्या खाऊची, चित्रं काढलेली, तरी लोक येतात माझ्याकडं, गुडघा दुखत नसला तर करते. राजा म्हातारा होऊन मेला, मॅडमच्या कुशीत. त्याच्यामागनं मॅडमनी रस्त्यावरची एक कुत्री घरात घेतली, सोनी. गेल्या साली मॅडम भाचीकडं पुण्याला गेल्या, तिथं कुत्रं चालत नाय, जाताना सोनीची साखळी माझ्या हातात दिली. नाय कशी म्हणू? घरी आणली तवा हे कॉटवर चढले.

सोनीचे दात गेलेत आता. बिस्किट दुधात भिजवून द्यावं लागतं, आन् मी तर खाली बसू शकत नाय गुडघ्यामुळं. म्हणून हे भरवतात. भाजी वाढायची लांब दांड्याची पळी असते ना, ती घेतात, कॉटवर पाय वर घेऊन बसतात आन् पळी खाली सोडतात. सोनी हळूहळू चाटते. हे भिंतीकडं बघतात, ती पळीकडं बघते. मधेच हे म्हणतात, झालं का गं तिचं? म्हणलं, तुम्हीच बघा की. म्हणतात, नको, तू सांग. असं रोज चालतं आमचं. देवानं असंच चालवावं आन् तुमचंबी बरं चालो ताई, एवढंच मागणं.