शालूबाईच्या म्हशीची फॅट

बसा की पावणं, उठू नका लगेच. तुम्ही दाराकडं बघत हळूच विचारलंसा, तवाच मला कळलं काय पाहिजे ते — मशीननं काढलेली दुधाची फॅट मागनं सेक्रेटरीला बदलता आली पाहिजे आणि बदलल्याची खूण कुठं राहाय नको, तसला प्रोग्रॅम. व्हय ना? वडगावकडच्या दूध संस्थेचं चेअरमन तुम्ही, एवढ्या लांब मंगळवार पेठेत उगंच आला न्हाईसा. कुणी सांगितलं, शशिधरकडं मिळतो म्हणून? — ऱ्हाऊ दे, नाव नको. चहा सांगितलाय, येईपतूर ऐका.

मूळ प्रोग्रॅम माझा न्हवंच. गुंडूचा. माझ्याबरोबर पॉलिटेक्निकला होता, कसबा बावड्याचा. त्याची आई शालूबाई, एक म्हैस, सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीच्या रांगेत. अठ्ठ्याण्णव साली कुठल्याशा मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आलती, त्यावर बसून ह्यानं दूध संकलनाचा प्रोग्रॅम लिवला. आणि काढला ओपन सोर्स. म्हणजे काय? म्हणजे आत काय लिवलंय ते सगळ्यांना उघडं — फुकट घ्या, वाचा, बदला, फक्त बदल केलासा तर तोबी उघडा ठेवा आणि मूळ नाव पुसू नका. मी म्हणलो, अरे मग आपण खायचं काय? तर म्हणला, शशिधर, प्रोग्रॅम फुकट द्यायचा, काम विकायचं — बसवून देणं, सेक्रेटरीला शिकवणं, बिघडलं की मोटरसायकल काढून जाणं. पुण्याच्या कंपन्या कुलूपबंद माल विकतात, त्यास्नी आपल्या खेड्यात यायला सवड हाय व्हय? आणि चाललं की हो. दोन वर्षांत तीस संस्था. त्याचं डोकं, माझी जीभ. गवळणी रांगेत म्हणायच्या, आता काँप्युटर आलाय, आता कोण खोटं लिवत न्हाय.

मग एका चेअरमननं मला गाठलं — कुठला ते इचारू नका — तुम्ही आत्ता जे मागितलंसा तेच मागितलं. दुधाचा दर फॅटवर, ती कमी दावली की मधलं पैसं ह्यांच्या खिशात. त्याच्या शब्दावर आणखी वीस संस्था हलणार होत्या. गुंडूला सांगितलं तर तो हसला. म्हणला, आपला प्रोग्रॅम उघडा हाय, असली चोरी आत लिवली तर पोरगंबी वाचंल, जमायचं न्हाय. खरंच होतं, उघड्यावर जमत न्हाय. म्हणून मी बंद केला. तो हुबळीला गेलता आठ दिवस, बहिणीच्या लग्नाला. मी त्याचाच प्रोग्रॅम घेतला, तसली एक स्क्रीन घातली, कुलूप लावलं, त्याचं नाव काढलं, वर लिवलं नवीन आवृत्ती. आल्यावर त्याला म्हणलो, काय न्हाय, चेअरमनला जरा रंगीत पाहिजे होतं. त्यानं इश्वास ठेवला. ठेवणारच की — तुम्ही घ्या ना चहा, निवंल.

त्या वीस संस्थांत बावड्यातली एक होती. शालूबाई दूध घालायची ती. मला ठाऊक होतं का? — होतं. बसवायला मीच गेलतो. वाटलं, एका किटलीनं काय होतंय, तिला सोडतील. सोडत्यात कुठलं. तिची फॅट सातावरनं साडेपाचावर आली. एका सकाळी मी त्यांच्या घरात, बाहेरच्या सोप्यात बसलेलो, पोहे खात, आणि ती डेअरीतली चिठ्ठी घेऊन आली. म्हणली, गुंड्या, पेंड तीच, वैरण तीच, फॅट कशी रं पडली? तर गुंडू आईवर कावला. म्हणला, आई, प्रोग्रॅम मी लिवलाय, तो खोटं बोलत न्हाय, दुधात काय मिसळत असशील तर सांग. आपल्या आईला असं म्हणला. ती माझ्याकडं वळली. म्हणली, शशिधर, तू तरी सांग की रं ह्याला.

गप बसलो असं मी लोकांस्नी सांगतो. गप न्हाय बसलो. म्हणलो — मावशी, मशीन कशाला खोटं बोलंल.

तिनं पदर सारखा केला आणि आत गेली. माझ्या बशीत आणखी पोहे आणून वाढले. पंधरा दिवसांत म्हैस विकली. रांगेतल्या बायका किटलीकडं बघून हसायला लागल्या होत्या, कुठवर सोसंल?

गुंडूला कळलं ते म्हैस गेल्यावर. नव्या मालकानं दुसऱ्या गावच्या डेअरीला दूध घातलं, तिथं सात लागली. गुंडू बावड्याच्या संस्थेत गेला, काँप्युटर उघडायला बघितलं तर कुलूप. आपल्याच प्रोग्रॅमला. मग हितं आला. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत. शिवी न्हाय, काय न्हाय. म्हणला, आईला काय सांगू तेवढं सांग. उठून गेला. पाच वर्षं झाली. बावड्यातच काँप्युटर दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं, मी शहरातनं तिकडं जाणं टाळतो.

तो कुलूपवाला प्रोग्रॅम काढून का टाकला न्हाय म्हणताय? काढायचा म्हणजे वीस गावांत जाऊन सांगाय पाहिजे, का काढतोय ते. चालूच हाय की तिथं. आजबी.

— काय म्हणलासा? म्हणजे हाय की न्हाय, एवढंच सांगू?

एवढं ऐकून तेच इचारताय व्हय. हाय. त्या कपाटात सीडी हाय. आणि तुमास्नी मिळायची न्हाय. गुंडूचा पत्ता लिवून देतो, त्याच्याकडं उघडा प्रोग्रॅम हाय, चांगला हाय, घ्या. — माझं नाव तेवढं सांगू नका तिथं.

उठा पावणं. चहा ऱ्हाऊ दे.