टेबलावर राहिलेली पुस्तकं

मॅडम : 'तुझं एकटीचं काम आहे, त्यावर माझं नाव कशाला?' हे तुमचेच शब्द, साहेब. याच खोलीत बोललात. आणि मी मूर्खासारखी रडले होते.

साहेब : रडली होतीस खरी. पाण्याचा ग्लास मीच दिला.

मॅडम : या लायब्ररीतून साधं पत्रक निघालं तरी वर ग्रंथपाल म्हणून तुमचं नाव. माझ्या आधीच्या सगळ्या पेपरांवर पहिले तुम्ही, मग मी. एक ओळ न लिहिता. आणि नेमकं याच पेपरवरून नाव काढलंत. मला वाटलं, माणूस बदलला.

साहेब : माणूस कशाला बदलेल? पेपर नीट वाचला, एवढंच.

मॅडम : आणि माझा पेपर ऐकायला आलेली समिती वर प्राचार्यांकडे चहा पितेय तेव्हा मला सांगताय की पेपर खोटा आहे.

साहेब : खोटा कुठे म्हणालो? पोकळ म्हणालो. खोटं करायला डोकं लागतं. तू अगदी मनापासून चुकली आहेस.

मॅडम : कुठे चुकले ते बोला. कोडी घालू नका.

साहेब : बस आधी. ती पुस्तकांची गाडी सरकव आणि बस.

मॅडम : उभीच बरी आहे.

साहेब : मग उभ्यानं ऐक. तुझी पद्धत काय ते सांग. वर सांगणार आहेस तशी.

मॅडम : तुम्हाला माहीत आहे.

साहेब : सांग तरी. सराव होईल.

मॅडम : घरी नेलेल्या पुस्तकांची नोंद संगणकात होते. हॉलमध्ये बसून वाचलेल्यांची कुठेच होत नाही. म्हणून टेबलांवर पाटी लावली. वाचून झालेलं पुस्तक रॅकवर ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. संध्याकाळी मी ती गोळा करते, शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एक टिंब देते आणि जागेवर लावते. वर्षभर हेच केलं. ज्या पुस्तकांना तुम्ही लाल चिकट्या लावल्यात, बाद करायला निघालात, त्यांच्यावर टिंबंच टिंबं. म्हणजे ती वाचली जातायत. म्हणजे हॉल मोडून तिथे तुमचे संगणक मांडायची गरज नाही.

साहेब : आणि म्हणजे तुला नोकरीत कायम करायला हरकत नाही.

मॅडम : हो, तेही. लपवून कशाला ठेवू? दरवर्षी नवी ऑर्डर, दरवर्षी तुमच्या दारात उभं राहायचं. समितीनं आज पेपर उचलून धरला तर सुटले. तुम्हीच म्हणाला होतात, संशोधन दाखव, मग बघू.

साहेब : दाखव ना. तो तुझा मोठा शोधही दाखव. काय शब्द काढलास? शेजारवाचन.

मॅडम : त्यात हसण्यासारखं काय आहे? एक पुस्तक काढणारा माणूस शेजारचंही काढून बघतो. आज टेबलावर आलेली आणि उद्या येणारी पुस्तकं रॅकवर एकमेकांना चिकटून असतात. ज्या तज्ज्ञांकडे मासिकानं पेपर तपासायला पाठवला, त्यांनी खास या मुद्द्याचं कौतुक केलंय.

साहेब : तज्ज्ञांना आपला हॉल दिसत नाही. तुला दिसतो. कुठलं पोरगं गं, आधी जमीन मोजणी वाचतं, मग पाणीपुरवठा, मग गटारं, मग स्मशानभूमीची व्यवस्था? ओळीनं. मधलं एकही न सोडता. परीक्षा तोंडावर असताना. वाचक म्हणजे माकड असतो. या फांदीवरून त्या फांदीवर. रॅकच्या क्रमानं फक्त एकच माणूस जातो.

मॅडम : कोण?

साहेब : रॅक लावणारा.

मॅडम : रॅक मी लावते.

साहेब : तुझ्या आधी कोण लावायचं?

मॅडम : बाबा? काहीतरीच. निवृत्त झाल्यापासून बाबा नुसते वर्तमानपत्र वाचायला येतात. खिडकीपाशी बसतात.

साहेब : तू आत नव्या पुस्तकांना बारकोड चिकटवायला बसलीस की उठतात. माझ्या केबिनच्या काचेतून अख्खा हॉल दिसतो, विसरलीस का? काठी खुर्चीला अडकवायची. रॅकवरून हातभर पुस्तकं उतरवायची. आणि पत्ते वाटावेत तशी वाटत सुटायचं. या टेबलावर दोन, त्या टेबलावर तीन. एखादं उघडून पालथं घालायचं. एखाद्यात बसचं तिकीट खोचायचं. काम बाकी सफाईचं. दारावर स्वतःच्या हातानं पाटी ठोकलेला माणूस, 'जो वाचत नाही त्याने खुर्ची अडवू नये'. आणि स्वतः पानसुद्धा उलटत नाही.

मॅडम : तुम्ही कधीपासून बघताय?

साहेब : पहिल्या आठवड्यापासून.

मॅडम : आणि गप्प बसलात.

साहेब : करमणूक होती गं. संध्याकाळी तू ती पुस्तकं तान्ह्या बाळासारखी उचलायचीस. टिंब देताना तुझे ओठ हलायचे. कोणाला सोडवेल?

मॅडम : एक वाक्य बोलायचं होतं. एक.

साहेब : तुझ्या बाबांनी मला एक वाक्य कधी सांगितलं? त्यांच्या हाताखाली मी पुस्तकांची कार्डं लिहायचो. अक्षर जरा तिरकं गेलं की अख्खा ड्रॉवर टेबलावर उपडा. 'कार्ड्या, पुन्हा लिही.' काय चुकलं ते सांगायचं नाही. पोरं बघतायत, पोरी बघतायत. आणि तू त्या स्टुलावर फ्रॉक घालून बसायचीस आणि फिदीफिदी हसायचीस.

मॅडम : दुधाचे दात पडत होते माझे तेव्हा.

साहेब : हो, बोळकं दाखवून हसायचीस. डोळ्यासमोर आहे.

मॅडम : आता मी काय करावं म्हणता?

साहेब : तुझी मर्जी. वर जाऊन वाच. मी मागच्या खुर्चीवर असेन, एकच प्रश्न विचारीन, ही पुस्तकं ओळीनं का आहेत? नाहीतर तब्येत बरी नाही म्हणून घरी जा. पुढच्या वर्षीची ऑर्डर काढू. नेहमीसारखी, तात्पुरती. मी काही वाईट माणूस नाही.

(दार ढकलून बाबा आत येतात. एका हातात काठी, काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र.)

बाबा : हॉलचं कुलूप अजून काढलं नाही? काय चाललंय काय? कार्ड्या, तू इथे काय करतोयस सकाळी सकाळी?

साहेब : या सर. तुमचीच आठवण काढत होतो.

बाबा : म्हणजे चांगलं काही बोलत नसणार.

मॅडम : बाबा, हॉलमधल्या टेबलांवर पुस्तकं तुम्ही ठेवता?

बाबा : कोण म्हणतं?

मॅडम : ठेवता का?

बाबा : ठेवतो.

मॅडम : वाचता?

बाबा : वाचायचं काय त्यात? मीच मागवलीत ती. कुठलं कोणत्या दुकानातून आणलं, कोणतं डोक्यावर गठ्ठा घेऊन आणलं, विचार, आत्ता सांगतो. आत काय आहे ते मला नको विचारूस.

मॅडम : मग टेबलावर का ठेवलीत?

बाबा : हा बाद करायला निघाला म्हणून. लाल चिकटी दिसली की मी उतरवायचो, तू टिंब द्यायचीस, पुस्तक राहायचं. यात न कळण्यासारखं काय आहे?

मॅडम : रोज जेवताना मी तुम्हाला आकडे दाखवत होते. शेजारवाचन हा शब्द सगळ्यात आधी तुम्हाला सांगितला. तुम्ही काय म्हणालात?

बाबा : 'बरं आहे' म्हणालो असेन.

मॅडम : 'शेवटी माझंच रक्त' म्हणालात. जन्मात पहिल्यांदा. झोपलेल्या आईला उठवून सांगितलं मी.

बाबा : तेव्हा तुला खरं सांगितलं असतं तर तू टिंबं थांबवली असतीस.

मॅडम : म्हणजे मी कोण होते? तुमची पेन्सिल?

बाबा : वाकड्यात शिरू नकोस. पेपर काय, लोक उठता बसता लिहितात. पुस्तक एकदा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढलं की संपलं.

मॅडम : माझी नोकरी जाणार आहे आज. कळतंय का तुम्हाला?

बाबा : तुला दुसरीकडे मिळेल. या पुस्तकांना दुसरीकडे कोण ठेवून घेणार?

साहेब : वा, सर. आणि मी उगाच स्वतःला वाईट समजत होतो.

बाबा : तू मध्ये बोलू नकोस.

मॅडम : बाबा, एक काम करा. माझ्याबरोबर वर चला. समितीला सांगा की ही पुस्तकं तुम्ही वाचलीत. निवृत्त ग्रंथपाल आहे, रोज येतो, ओळीनं वाचतो. कोणी शंका घेणार नाही. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तरही मिळेल.

बाबा : पण मी वाचली नाहीत.

मॅडम : माहीत आहे.

बाबा : मग कसं सांगू? पुस्तकाच्या बाबतीत मी आजवर खोटं बोललेलो नाही.

मॅडम : मग वर्षभर काय करत होतात?

बाबा : ठेवत होतो. टेबलावर पुस्तक ठेवलं म्हणजे खोटं बोललो असं होत नाही. त्याचा अर्थ तू काढलास.

साहेब : याला म्हणतात तालीम. मी दहा वर्षं सोसली ही.

मॅडम : साहेब, जरा गप्प बसा. बाबा, तुम्ही फक्त लाल चिकटीचीच पुस्तकं उतरवायचात? नीट आठवून सांगा.

बाबा : आठवायचं काय? बाकीच्यांना मी कशाला हात लावू? ती पोरं वाचतातच.

मॅडम : आणि लाल चिकटीचं एखादं पुस्तक पोरांपैकी कोणी काढलं असेल? चुकूनमाकून?

बाबा : छे. दिवसभर मी तिथेच असतो. त्या रॅकांकडे कुत्रं फिरकत नाही. म्हणून तर या गुडघ्यांनी मला उठावं लागायचं.

मॅडम : नक्की?

बाबा : एकदा सांगितलं ना.

मॅडम : बरं झालं. ती माझी फाइल द्या, साहेब. तुमच्या कोपराखाली आहे.

साहेब : घरी चाललीस?

मॅडम : वर चाललेय. मासिकाला आजच कळवते, पेपर छापू नका. समितीला पहिलं वाक्य हेच सांगणार, माझी मोजणी एका माणसानं बिघडवली आणि तो माणूस माझा बाप आहे. तुमचा प्रश्न मीच विचारून टाकते, तुम्हाला उठायचा त्रास नको. आणि मग सांगणार की इथले ग्रंथपाल हे पहिल्या आठवड्यापासून काचेतून बघत होते आणि करमणूक म्हणून बघतच राहिले.

साहेब : माझ्याबद्दल? सिद्ध कर.

मॅडम : बाबा, कार्ड्या काचेतून बघायचा?

बाबा : बघायचा की. एकदा मला हातसुद्धा केला यानं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

मॅडम : पुस्तकाच्या बाबतीत बाबा खोटं बोलत नाहीत. ऐकलंत ना आत्ता? समितीतल्या निम्म्या लोकांना लायब्ररीचं काम यांनीच शिकवलंय.

साहेब : तू मला अडकवून काय मिळवणार आहेस? पेपर तर गेलाच.

मॅडम : शेजारवाचन गेलं. लाज गेली. मोजणी गेली नाही. लाल चिकटीवाली टिंबं सगळी बाबांची, ती काढून टाकायची. उरलेली पोरांची. ती इकडेतिकडे विखुरलेली आहेत, माकडाच्या उड्या म्हणालात ना, तशीच. हॉल भरून वाचतात पोरं, ते खरंच आहे. आणि कुठल्या पुस्तकांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, हेसुद्धा आता मला पक्कं कळलंय. असा पुरावा कुठल्याही लायब्ररीकडे नसेल.

बाबा : म्हणजे काय करणार तू?

मॅडम : बाद करणार.

बाबा : काय बाद करणार?

मॅडम : ज्यांना वर्षभरात तुमच्याशिवाय कोणाचा हात लागला नाही, ती सगळी. शिफारस मी करणार, माझ्या सहीनं. शोधायचा त्रासही नाही. लाल चिकटी बघायची, शेवटचं पान उघडायचं, टिंब दिसलं की काढायचं. मोकळ्या रॅकच्या जागी अजून टेबलं बसतील.

बाबा : पोरी, ती मी आणलीत.

मॅडम : माहीत आहे. कोणत्या दुकानातून ते सांगता येतं तुम्हाला.

बाबा : तुला माझ्यावर राग काढायचा असेल तर घरी काढ. त्यांच्यावर कशाला?

मॅडम : राग कसला? तुम्हीच सांगितलंत ना, कुत्रं फिरकत नाही.

साहेब : शेवटी बापाचीच लेक.

मॅडम : तुम्ही वर चला, साहेब. मागची खुर्ची धरून ठेवणार होतात ना? आज जरा पुढे बसा.

साहेब : आपण बोलू शकतो यावर. पेपरवर माझं नाव नाही, मी कुठेच नाही यात.

मॅडम : नाव होतं. तुम्ही काढलंत. का काढलं, तेही विचारतील की. चला.

बाबा : आणि मी? मी कुठे बसू?

मॅडम : घरी.

बाबा : आज घरी बसेन. उद्या?

मॅडम : उद्याही. पुढेही. मोजणी मी बंद करणार नाहीये आणि टेबलांपाशी तुम्ही मला नको आहात.

बाबा : कुठल्या नियमानं गं? जन्म गेला माझा या हॉलमध्ये.

मॅडम : तुमच्याच नियमानं. दारावर आहे अजून, वाचा जाताना. हे कुलूप काढते, तुमचं काही आत राहिलं असेल तर घेऊन जा.

बाबा : वाचायचा चष्मा राहिलाय. खिडकीजवळच्या टेबलावर.

मॅडम : मग घ्या ना.

बाबा : नको, राहू दे. टेबलावर राहिलेलं संध्याकाळी तू उचलतेसच. मला निघायला हवं आता.