जिथं काठी रोवली होती

मी जन्मलो त्याच्या आधीच आमचं रान धरणात गेलं होतं, सिद्धेश्वरच्या पाण्यात. पण हिवाळ्यात पाणी उतरलं की तेच रान गाळ होऊन वर येतं अन् आमी त्यात गहू टाकतो, त्याला गाळपेर म्हणतात. बाप म्हणायचा, हे पाण्याचं रान हाय, उसनं हाय, इथं जपून वागावं. मी न्हाई वागलो.

थंडीत तिथं रानहंस उतरतात, लई दुरून, बर्फाच्या मुलखातून येतात म्हणे. राखेच्या रंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे. कोवळा गहू खुडून खातात. त्या साली त्यांनी माझा धुऱ्याकडचा, बांधालगतचा सगळा तुकडा खुडला, अन् माझं डोकं फिरलं. शेजारी इस्माईलभाईची गाळपेर होती, मासेही धरायचे ते. त्यांच्याकडून जुनं जाळं मागून आणलं. म्हणले, कशाला रे? मी म्हणलं, डुकरं येऊन राहिले.

सकाळी एक हंस जाळ्यात मरून पडला होता. गळ्यातला जाळ्याचा गुंता सुटंना, रानात काठी रोवली अन् तसाच पाय बांधून तिला उलटा टांगला. आमच्याकडं मेलेला कावळा टांगतात ना, मग कावळे फिरकत न्हाईत. मला वाटलं, पाखरू ते पाखरूच.

काय सांगू तुमाला, धुकं उठलं तवा सगळा थवा खाली उतरलेला. काठीभोवती गोल बसलेले, माना सगळ्यांच्या तिकडंच. एरवी यांचा गलका गावात ऐकू येतो, त्या दिवशी आवाज न्हाई. गव्हाला एकानं चोच लावली न्हाई. माझी बायको शांता न्याहारी घेऊन आली ती धुऱ्यावरच थांबली. म्हणली, हे बुजले न्हाईत हो, हे कोणाच्या मौतीला आल्यावानी बसलेत.

मग कोणीतरी खबर दिली अन् वनखात्याचे लोक आले. विचारलं, जाळं कोणाचं? इस्माईलभाई म्हणले, माझं. अन् माझ्याकडं पाहिलं. मला बोलायला जागा ठेवली होती त्यांनी. मी पाण्याकडं पाहत राहिलो. पाखरू त्यांनीच मारलं म्हणून त्यांना घेऊन गेले. सुटून आले तवा गाव त्यांना हंसमाऱ्या म्हणाय लागलं होतं, लेकरंसुद्धा. त्यांनी गाळपेर सोडली अन् कळमनुरीला गेले.

तवापासून दर हिवाळ्यात थवा येतो अन् त्याच जागी गोल बसतो. काठी कवाच काढली मी.

यंदा कळमनुरीच्या बाजारात गेलो. इस्माईलभाई जनावरांची दावी, कासरे विकत बसले होते. मी म्हणलं, भाई, माझ्या तोंडानं सांगायला आलो. ते गाठ मारतच राहिले. म्हणले, जाळं तूच नेलं होतंस, मला काय नवं सांगतोस? गावाला सांग. मग म्हणले, पाखरं येतात का रे अजून?

येतात, म्हणलं. बसतात.

तर त्यांलाही तोंड दाखव, म्हणले.

गावात पारावर सगळ्यांसमोर सांगितलं. एक म्हातारा उठून गेला. आता रोज सकाळी काठीच्या जागी जाऊन उभा राहतो. ते उतरतात, माझ्याभोवती बसतात, माना माझ्याकडं. हललो तरी उडत न्हाईत. त्यांचं बराबर हाय, मी काय म्हणू? शांता धुऱ्यावरूनच हाक मारते, आत पाय ठेवत न्हाई.

गव्हाला अजून कोणी चोच लावत न्हाई. खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.