गोपाळच्या मायचं घर

गंगाखेडच्या नोंदणी कचेरीबाहेर, लिंबाच्या सावलीत अर्जनवीस एका म्हाताऱ्या जोडप्याचं मृत्युपत्र लिहून घेत होते. माझा नंबर त्यांच्यामागं होता.

"बोला बन्सीधर आबा, तुमच्या माघारी घर कुणाला?"

"गोपाळच्या मायला."

"लेकाला न्हाई?"

"लेकाला शेत हाय की. घर हिचं. माझ्यामागं हिनं कुणाला कोपरा मागू नये."

"आन् दुसरा कागद मुखत्यारपत्राचा. तुमी आजारी पडलात, तर तुमच्या वतीनं सह्या करायला मुखत्यार कोण?"

"तेबी हीच. चाळीस वर्सं तोंड हिचंच चालायलंय, आता कागदावर येऊ द्या."

"अवो, लोक ऐकायलेत!"

"बरं, आजीचं नाव सांगा."

"सांगितलं की. गोपाळची माय."

"आबा, गोपाळच्या मायला कायदा वळखत न्हाई. नाव लागतंय."

"तिलाच इचारा."

"देणारे तुमी. तुमच्याच तोंडून पायजे."

"आजवर कधी घेतलं न्हाई हो, बाबा."

"लग्नात मी ह्यांचं नाव घेतलं. ह्यांची पाळी आली तवा पान खायच्या निमतानं मांडवातून पळाले. आज घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या घर!"

"घेतो, घेतो. चिडू नको."

"घ्या आबा. लय लोक थांबलेत."

"गंगेच्या काठाला दगडाचा घाट,
दगडाबाईच्या घरात माझा मरेस्तोवर थाट!"

"अगं बया!"

"झालं समाधान?"

"पुन्हा एकदा म्हना की. सायबाला ऐकू आलं न्हाई."

"मला आलं, आजी. लिहिलंबी."

"मग मला आलं न्हाई."