व्हॉल्व्हवर टिचकी

चूक सगळी चैत्या गुरुजींची, साहेब, तेवढं आधी पक्कं करा – जाहिरात मी टाकलीच नाही. फोटो त्यांनी काढला, मजकूर त्यांचा, खाली नंबर तेवढा माझा. 'उत्कृष्ट ध्वनियंत्र, घरगुती कारणास्तव विकणे आहे' – घरगुती कारण म्हणजे मी. आणि तुम्ही बोर्डीवरून एवढे उन्हाचे आलात, तर बसा, पाणी प्या, पेटी बघा – बघा म्हटलं, हात लावा नाही म्हटलं! तीनशे व्होल्ट आहेत आत. वायर काढली तरी कपॅसिटर पोटात धरून बसतो, आमच्या नातेवाइकांसारखा, प्रसंग संपला तरी सोडत नाही. त्या स्टुलावर बसा. त्या खोक्यावर नको, दक्षाताईंचा दुरुस्तीला आलेला मिक्सर आहे आत, कालपासून चार फोन झालेत त्यांचे.

गुरुजी कोण? माझा मोठा काका. शाळेत हेडमास्तर होता, रिटायर झाला, तोंड तेवढं अजून नोकरीत आहे. तलासरीच्या बाजूला आमचा पाडा, पाड्यात पहिला शिकलेला माणूस म्हणजे चैत्या गुरुजी, आणि त्याची शिक्षा सगळा पाडा तीस वर्षं भोगतोय. मला बारावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सला जायचं होतं – गुरुजींनी परस्पर शेतकीच्या डिप्लोमाचा फॉर्म भरला. सही माझी, अक्षर त्यांचं. दीड वर्ष मी भाताच्या रोगांची नावं पाठ केली, मग एके दिवशी वही बाकावर ठेवली आणि एसटी पकडून घरी आलो. बाप काही बोलला नाही. माझा बाप बोलतच नाही – वाटणीत त्याच्या हिश्श्याचं बोलणंसुद्धा मोठ्या भावाने घेतलं.

तर ट्यूब ॲम्प्लिफायर. तुम्ही लोक ट्यूब म्हणता, डहाणू रोडच्या दुकानात ट्यूब मागा, चार फुटी पांढरी काढून देतील. आमचे जुने रेडिओवाले व्हॉल्व्ह म्हणतात, मीपण व्हॉल्व्ह म्हणतो. किट मागवलं. खोक्यात काय – एक पत्रा, वरवंट्याएवढे जड ट्रान्सफॉर्मर, मूठभर रेझिस्टर, चार व्हॉल्व्ह कापसात गुंडाळलेले, बाळंतिणीच्या पोरासारखे, आणि माहितीचा कागद सगळा चिनी भाषेत. म्हटलं बरं झालं, यात तरी गुरुजींना चूक काढता येणार नाही. तर चष्मा लावून, कागद उलटा धरून म्हणतात, 'मुद्रणदोष फार आहेत.'

एकवीस दिवस लागले मला. बाहेरची पेटी चिकूच्या खोक्यांच्या फळ्यांची – इथे बघा, बागेचा शिक्का अजून दिसतो, मुद्दाम ठेवला – आणि तापली की वास येतो चिकूचा, खरंच, नाक जवळ न्या, नाक चालेल, हात नको. पहिल्यांदा लावली तेव्हा नुसती घुमली, डब्यात भुंगा कोंडल्यासारखी. तीन दिवस मी डोकं खाजवत होतो. मग योगिता आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, 'सगळ्या वायरी एकमेकींच्या मांडीवर बसवल्यास, त्या बोलणारच ना.' व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन वायरी वेणीसारख्या पिळल्या, कडेने नेल्या – गप्प! एकदम गप्प. सोल्डरिंग माझं, पण पेटीला शिस्त लावली ती तिने.

योगिता कोण, ते सोडा. ते पेटीबरोबर येत नाही.

बरं, नाव निघालंच आहे तर – नर्स आहे ती, सरकारी दवाखान्यात. तिची आई धवलेरी होती. धवलेरी म्हणजे – आमच्यात लग्नाला भट लागत नाही, ही बाई गाणी म्हणते आणि गाण्यांनी लग्न लागतं. वारली बिचारी. मागे राहिलं काय, तर कुणाच्या तरी मांडवात कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग. मोबाईलवर ऐकलं की बाटलीत डास शिरल्यासारखं. ते आम्ही या पेटीवर लावलं. साहेब, ते तुमचं 'वॉर्म साउंड' का काय ते मला माहीत नाही, मला एवढंच माहीत आहे – दोन ओळींच्या मध्ये बाई श्वास घेते ना, तो ऐकू आला. हातातली बांगडी सरकली, ती ऐकू आली. योगिता रडली नाही, ती रडणाऱ्यातली नाही. व्हॉल्व्ह पेटलेले, शेगडीत निखारे असतात तसे, त्यांच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, 'परत लाव.' सतरा वेळा लावलं. मी मोजलं.

अहो, टिचकी नका मारू त्याला! नेमका त्यालाच बोट – तो डावीकडचा छोटा, तोच. कळला ना आवाज? टंग्ग. देवळातली घंटा. त्याच्या आतली जाळी सैल आहे, जन्मतःच, जरा धक्का लागला की गातो. माहीत आहे, दोष आहे तो. बदली व्हॉल्व्ह पाठवला किटवाल्यांनी, तो काय ड्रॉवरमध्ये, कापसातून काढलेला नाही. का? – कारण सांगायचं तर परत गुरुजींवर यावं लागतं.

आमच्याकडे जमीन हलते, हे पेपरात वाचलं असेल. पाच-सहा वर्षं झाली. फार नाही, भांडी वाजतात, कौलं सरकतात, पण अधूनमधून अशी, की माणूस जेवताना पण एक डोळा दाराकडे ठेवतो. तर एका दुपारी पेटी चालू होती, गाणं संपलेलं, आणि आपोआप टंग्ग – आणि मी मान वळवेपर्यंत फळीवरचे पेले वाजायला लागले. आठवड्याने परत तसंच. जमिनीचा बारीक धक्का आधी येतो, मोठा मागून, एवढीच गोष्ट, मोबाईलवर वाचली मी. पण गुरुजींना कळलं मात्र – 'आमच्या घरी यंत्र आहे, आधी सूचना देतं!' काल भंगार होतं, आज आमच्या घरी यंत्र. आपत्ती समिती निघाली, अध्यक्ष गुरुजी, नारिंगी जाकीट गुरुजींना, गळ्यात शिट्टी गुरुजींच्या. दर रविवारी अंगणात भाषण – आधी म्हातारी माणसं, मग लेकुरवाळ्या, मग पोरं, मग पुरुष, 'आणि सर्वांत शेवटी मी.'

आता खोटं कशाला बोलू – मी दोनदा पेन्सिलीने टिचकी मारली. मजा म्हणून. एकदा गुरुजी दाढी करत होते, अर्ध्या गालाला फेस लावून अंगणात शिट्टी वाजवत उभे. दुसऱ्यांदा संडासात होते, ते सांगत नाही. आणि धक्का आला नाही की काय म्हणायचे? 'खोल होता. वर आला नाही.' म्हणजे थाप मी मारायची आणि तिला शास्त्र गुरुजींनी पुरवायचं. सांगा आता, चूक कुणाची? हसताय काय, सांगा ना.

मग फेब्रुवारीत योगिताच्या घरचे आमचं घर बघायला आले. तिचा बाप रघ्याभाऊ, आणि ती स्वतः – 'राहायचं मला आहे, बघायला बाबा एकटेच का?' म्हणून आली. शाळेतून खुर्च्या आणल्या. काळी काकी, म्हणजे गुरुजींची बायको, आत चुलीपाशी पाटावर बसून पोहे करत होती – गुडघे गेलेत तिचे, एकदा खाली बसली की उठवायला दोन माणसं लागतात. पेटी चालू, गुरुजींचाच हुकूम, पाहुण्यांना यंत्र दाखवायचं. मी पेटीशेजारी, कानावर पेन्सिल. आणि गुरुजी सुरू. 'मुलगा वाईट नाही हो रघ्याभाऊ, दिशा नाही. मी शब्द देतो. लग्नाआधी ही खेळणी बंद. हे यंत्र समितीच्या ऑफिसात ठेवून घेऊ. शाळेत शिपायाची जागा निघते आहे, माझ्या शब्दाबाहेर कोणी नाही.' रघ्याभाऊ माना डोलावतोय. माझा बाप पोह्यातले दाणे वेचतोय. आणि योगिता माझ्याकडे बघतेय. भुवई जराशी वर – एवढीच. म्हणजे, बोल आता.

माझ्याकडे वाक्य होतं, साहेब. तयार होतं. 'मसोलीला गाळा बघून ठेवलाय, रिपेअरिंगचं दुकान टाकतोय, पेटी कुठेही जाणार नाही.' हाच गाळा, जिथे तुम्ही बसलाय. तिला माहीत होतं, आम्ही दोघांनी मिळून बघितला होता. एक वाक्य. पण आमच्या घरात गुरुजींसमोर बोलायची पद्धत नाही, बापाने कधी पाडली नाही, तोंडात शब्द आला की जीभ आपोआप उभी राहते, प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी – आणि पेन्सिल कानावरच होती.

टंग्ग.

काय पळापळ! आधी म्हातारी, मग लेकुरवाळ्या – कुठलं काय! सगळ्यांच्या पुढे अध्यक्ष. एका हातात पोह्यांची बशी, शिट्टी तोंडात, आणि धाप लागलेली, त्यामुळे प्रत्येक पावलाला पीप, पीप, पीप – त्या लहान पोरांच्या चपला वाजतात ना, तसे गेले अंगणात. त्यांच्या मागे रघ्याभाऊ, त्याच्या मागे माझा बाप. साहेब, मी पोट धरून हसत होतो. इतका मी आयुष्यात हसलो नाही. तीस वर्षांचा पाड्याचा हिशेब एका टिचकीत – पीप, पीप.

योगिता? ती पळाली नाही. म्हणजे पळाली, पण बाहेर नाही, आत. चुलीकडे. काकीला पाटावरून उचललं, पाठीवर घेतलं भाताच्या पोत्यासारखं, आणि मागच्या दाराने निघाली. मागे भांडी घासायचा दगड आहे आमचा, ओला असतो कायम. काकीला काही झालं नाही. काकी वर पडली. खाली योगिता, आणि मनगट तिच्या अंगाखाली. उजवं. आवाज मी पेटीपाशी ऐकला – असले आवाज मला लगेच कळतात.

मी धावलो. धावताना हातात पेन्सिल होती, तोंडावर हसू होतं, दोन्ही टाकायचं राहून गेलं. तिने आधी पेन्सिल बघितली, मग तोंड. म्हणाली, 'नितीन, जमीन हललीच नाही ना?'

तेवढ्यात घराला वळसा घालून गुरुजी आले, बशी हातातच, एक पोहा सांडला नव्हता. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'खोल होता. वर आला नाही. यंत्राने बरोबर सांगितलं, काय रे?'

आणि मी – काय करणार, सगळे बघत होते, रघ्याभाऊ, बाप, काकी ओल्या लुगड्याने बसलेली – मी मान हलवली. म्हटलं, हो. खोल होता.

बघा! म्हणजे तेही शब्द त्यांचेच. म्हणून म्हणतो चूक – नाही, तुम्ही काही बोललात का? मला वाटलं बोललात.

ओढणीने हात गळ्यात तिनेच बांधला. रघ्याभाऊने मोटारसायकलवर नेली. तिने कुणाला सांगितलं नाही, साहेब. बापालाही नाही. आठ दिवसांनी निरोप आला, जमत नाही. फोन उचलला नाही, नंतर लागलाच नाही. पाड्यात अजून गुरुजी सांगतात, 'त्या दिवशी मी सगळ्यांना कसं शिस्तीत बाहेर काढलं' – आणि लोक ऐकतात, आणि मी पण तिथे उभा राहून ऐकतो. म्हणून पेटी उचलून इथे आणली. समितीला मिळाली नाही, तर गुरुजींनी परस्पर विकायला काढली. व्हॉल्व्ह बदलायला दोन मिनिटं लागतात. बदलला की पेटीत काही दोष उरत नाही. मग उरतो कोण?

काय ऐकायचंय? गाणं? माझ्याकडे एकच आहे. ते नाही लावत. दुसरं तुमच्या मोबाईलवरून लावा, ती वायर – थांबा. ऐकलं? मी हात लावलेला नाही, दोन्ही हात बघा माझे. – अहो साहेब! अहो, कुठे – चप्पल राहिली! ट्रक होता, ट्रक, रस्त्यावरून गेला, इथे दिवसातून दहादा वाजते ती! या आत. नाही येत? बरं, ही घ्या चप्पल, तिथेच घाला.

आणि पेटी द्यायची नाही. जाहिरात काढून टाकायला गुरुजींना सांगा, माझं ते ऐकत नाहीत. निघा आता, दक्षाताईंचा मिक्सर व्हायचाय माझा.

योगिताचं लग्न वैशाखात झालं, उंबरगावला.