बांगडा चुकला

मी शाळेच्या नावाने उगाच बोटं मोडतो म्हणता ना? मग ऐका. माझी भाची रिद्धी इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत, बालवाटिकेत. तिला पहिलीत घ्यायचं की अजून एक वर्ष बसवून ठेवायचं, हे ठरवायला तालुक्याहून साहेब आले. त्यांनी चित्रांचा तक्ता उघडला.

"बाळ, हे काय?"

"बांगडा."

"नीट बघ."

"बांगडाच हाय."

"चूक. मासा."

आणि कागदावर शेरा मारला, 'प्राणी ओळखत नाही.' जिचा बाप रोज होडी घेऊन समुद्रात जातो, तिला!

मी म्हटलं, "साहेब, तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

मुख्याध्यापक गुरुजी माझ्यावरच खेकसले, "अकरावीत कॉलेज सोडलेल्याने अक्कल शिकवू नये. तक्त्यात मासा आहे, म्हणजे मासा!" उभा जन्म या किनाऱ्यावर काढलेला, रोज मासे खाणारा माणूस हा.

दुपारी गुरुजी साहेबांना माझ्या बहिणीच्याच खानावळीत जेवायला घेऊन आले. बहिणीने विचारलं, "काय वाढू, साहेब?"

"सुरमई आहे? नसेल तर पापलेट द्या. बांगडा नको, वास मारतो."

रिद्धी चुलीजवळ बसली होती, तिथूनच ओरडली, "आई, यांना सगळी नावं येतात गो! मग शाळेत मासा मासा काय करत होते?"

गुरुजी मान खाली घालून भात कालवत बसले. साहेबांनी मात्र कागद काढून शेरा तिथल्या तिथे बदलला. आता त्यावर लिहिलंय, 'उलट बोलते. आणखी एक वर्ष बालवाटिका.'