छत्रीचं वजन

नाही, पण टूथब्रश कापायचा म्हणजे काय? हसू नका, खरं सांगतोय. माझा टूथब्रश, चांगला नवा कोरा, माझ्या मेहुण्यानं करवतीनं मधोमध कापला आणि उरलेली दांडी माझ्या हातात देऊन म्हणाला, "भावोजी, वजन!" अहो, दांडीचं कसलं आलंय वजन? पण हा पठ्ठ्या कुरिअरच्या ऑफिसात कामाला, दिवसभर पार्सलं काट्यावर ठेवतो आणि काढतो, त्यामुळे त्याला माणसं दिसतच नाहीत, किलो दिसतात! निघायच्या आदल्या दिवशी काटा घेऊन घरी आला आणि भर बैठकीच्या खोलीत, बायकोच्या देखत, माझा पायजमा तोलला. बनियनला मागे कंपनीची चिठ्ठी असते ना, ती कात्रीनं कापली. माझं चष्म्याचं दुकान, म्हणून जास्तीचा एक चष्मा घेतला, तर म्हणतो, "डोळे दोनच ना? मग चष्मे दोन कशाला? भावोजी, वजन!"

मुळात मी जाणारच नव्हतो हो. दुकानात खुर्ची आहे, पंखा आहे, गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी येतं, भिंतीवरची अक्षरं वाचतं, मी फक्त "आता खालची ओळ" एवढं म्हणायचं, सुखाचा जीव! सायकलवर अख्खा संसार बांधून वाळवंटातल्या डोंगरांतून मुक्काम करत करत जायचं, हे मेहुण्याचं खूळ. पण बायको म्हणाली, "अहो, एकटा निघालाय तो. माझा एकुलता एक भाऊ आहे, तुम्ही बरोबर जा आणि धड परत आणा त्याला." आता यावर नवऱ्यानं काय बोलायचं, तुम्हीच सांगा! आणि निघताना तिनं माझ्या सायकलला काय बांधावं? छत्री! जिथं पाऊस वर्षातून एकदा चुकून येतो तिथं छत्री! तीसुद्धा कशी, जांभळी, झालरीची, लांब दांड्याची, आणि आमची नव्हेच, वरच्या मजल्यावरच्या काकूंची, मागून आणलेली. "उन्हाला होईल," म्हणाली. मेहुण्याचा चेहरा बघायला हवा होता. "ताई, वजन!" ... "गप रे!" बस्स, विषय संपला. आमच्या घरात तेवढ्या एकाच माणसापुढे काटा चालत नाही.

पहिले काही दिवस बरे गेले. बरे म्हणजे, जिवंत होतो. आणि मग तो दिवस. सकाळी सकाळीच हँडल तापलेलं. घाटाच्या पायथ्याशी एक चहावाली होती, तिनं आम्हाला गार पाणी पाजलं, बाटल्या भरून दिल्या आणि वर बोट दाखवून म्हणाली, "नीट भरून न्या हो, वर काही नाही. रस्त्याचं काम चाललंय, गाड्याही बंद आहेत." इतकं साधं, सरळ! पण आमच्या शहाण्यानं मोबाइलमधला नकाशा काढला, त्यात माथ्यावर नळाचं चित्र होतं. "एक लिटर म्हणजे एक किलो. वर नळ असताना चढावर कशाला वाहायचं?" असं म्हणून त्यानं, माझ्या डोळ्यांदेखत, त्या बाईची पाठ वळल्यावर, अर्ध्याहून जास्त पाणी मातीत ओतलं! मी "अरे अरे" म्हणेपर्यंत माती कोरडीसुद्धा झाली. का? तर... भावोजी, वजन!

तो चढ मी तुम्हाला काय सांगू! झाड नाही, झुडूप नाही, डोंगर नुसते लाल, भाजलेले, आणि एका वळणामागे दुसरं वळण, संपतच नाही. ऊन वरून लागतं हे ठाऊक होतं, इथे ते खालूनही लागत होतं! मला रस्त्यावर पाणी दिसायला लागलं. चष्मा पुसला, तरी पाणी. जन्मभर लोकांना नाही दिसत ते दाखवणारा माणूस मी, आणि मला नाही तेच दिसायला लागलं! ढकलत, रडत, थांबत माथ्यावर पोचलो. आणि नळ होता! नकाशा खोटा नव्हता बरं का. मेहुण्यानं ऐटीत तोटी फिरवली... फुस्स! हवा आली. तीही गरम.

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर हा मटकन खालीच बसला. अंगाला घाम नाही, चेहरा लालबुंद, आणि समोरच्या डोंगराकडे बघून म्हणतो, "हे पार्सल कुणी बुक केलं? काट्यावर मावायचं नाही हे." तुम्हाला हसू येतंय. मलाही एक क्षण आलं. मग इकडे तिकडे बघितलं. मोबाइलला रेंज नाही, गाडी नाही, माणूस नाही, आणि कानात बायकोचा आवाज, "धड परत आणा त्याला." उरलेलं पाणी होतं किती? घोट घोट त्याला पाजलं, थोडं रुमालावर घेऊन त्याच्या मानेवर ठेवलं, आणि मग आठवली... छत्री! त्या अख्ख्या डोंगरात सावली होती कुठे? काकूंच्या छत्रीखाली! मी ती त्याच्यावर धरून उभा, जांभळी झालर वाऱ्यावर हलतेय, आणि मी आपला मनातल्या मनात बायकोला म्हणतोय, तू शहाणी, तू हुशार, मीच गाढव, फक्त आता काहीतरी कर!

आणि काहीतरी दिसलं. लांब, पिवळं. चष्मा पुसला. तरी पिवळं! रोडरोलर! मी ओरडलो, नाचलो, तो आमच्याकडेच येत होता... म्हणजे येत होता असं आपलं म्हणायचं. अहो, तो येईचना! दिसतोय, आवाज येतोय, पण येत नाही! मी इकडे देवाचा धावा करतोय आणि देव पहिल्या गिअरमध्ये!

पण आला. आला हो! ड्रायव्हरदादांनी एक नजर टाकली, खाली उतरले, स्वतःचा पाण्याचा कॅन आणला, डोक्यावरचा ओला टॉवेल काढून मेहुण्याच्या डोक्याला गुंडाळला. "हळू प्या. घोट घोट." बस्स, एवढंच बोलले. आमच्या सायकली मागे बांधल्या, याला शेजारी बसवला, मी पायरीवर उभा, आणि आम्ही निघालो रस्त्याचं काम करणाऱ्या टोळीच्या तंबूकडे. वाटेत एक सरडा आम्हाला मागे टाकून निघून गेला, पण खरं सांगतो, इतकी सुंदर गाडी मी आयुष्यात पाहिली नाही! आणि तेव्हा माझं वर लक्ष गेलं. रोलरला छप्परच नव्हतं. वादळात उडालं म्हणे. हा माणूस दिवसभर त्या उन्हात नुसता ओला टॉवेल डोक्यावर घेऊन रोलर चालवायचा, आणि तो टॉवेल त्यानं आम्हाला दिला होता. कोण आम्ही त्याचे?

संध्याकाळपर्यंत मेहुणा माणसात आला. सकाळी उठलो तर हा रोलरवर चढलेला! काकूंची छत्री सीटमागच्या लोखंडी खांबाला बांधत होता, स्वतःच्या सायकलची जास्तीची ट्यूब गुंडाळून. दादा खाली उभे, "अहो, राहू द्या, राहू द्या," आणि लाजून हसताहेत. मी म्हटलं, "अरे, वाटेत पंक्चर झाली तर?" माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तेवढंच वजन कमी, भावोजी." डोळे पुसत होता. ऊन होतं म्हणे.

घरी आलो. बायकोनं भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, माझ्याकडे बघून अशी हसली की सगळे घाट वसूल झाले. आणि मग... "छत्री कुठाय?" सगळं सांगितलं. तिचे डोळे भरले. म्हणाली, "चांगलं केलंत. पण काकूंना काय सांगू?" सांगायला कशाला पाहिजे? काकू जिन्यात उभ्या राहून ऐकतच होत्या! म्हटलं, आता संपलो. तर म्हणाल्या, "ज्या माणसानं जीव वाचवला त्याला झालरीची छत्री देऊन आलात? वाऱ्यानं केव्हाच उडाली असेल ती!" आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून आणली ना त्यांनी, फळवाल्यांची असते तसली, लोखंडी दांड्याची, चार माणसं मावतील एवढी. "ही नेऊन द्या, आणि जमलं तर माझी घेऊन या."

मी मेहुण्याला म्हटलं, तुझं कुरिअर आहे ना, पाठव की! म्हणतो, "पत्ता काय लिहू? रोलर रोज पुढे सरकतो." मग त्यानं ती छत्री काट्यावर ठेवली. काट्याचा काटा जो गेला तो थांबेचना. मी वाट बघतोय, आता म्हणेल, आता म्हणेल... तर हा म्हणतो कसा, "वजन काहीच नाही हो, भावोजी!"

आणि माझ्या सायकलला बांधायला लागला.